दुप्पट वेगाची सवत

चष्मा चढवून, खूण घातलेलं पान उघडून बाई वाचायला सुरुवात करणार, तोच पायलटांनी पलंगावर पडल्या पडल्या हाताचा पंजा वर केला. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांचा पंजा असा वर झाला की भलीभली वाहनं जागच्या जागी थांबायची.

"एक मिनिट थांब. एवढा भाग संपू दे."

बाई थांबल्या. पायलटांच्या दोन्ही कानांत मोबाइलची पांढरी बोंडं होती, डोळे मिटलेले होते आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसू होतं. ते हसू बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. गोष्टीतला बदमाश आता सापडणार असं वाटलं, की पायलट तसं हसायचे. आजवर तो बदमाश बाईंच्या तोंडून सापडत आला होता, एवढाच काय तो फरक.

मिनिट कसलं, चांगला पाव तास गेला. बाईंनी तेवढ्यात चष्मा पुसला, पुन्हा पुसला, खिडकी लावली आणि पुन्हा उघडली. शेवटी पायलटांनी एका कानातलं बोंड काढलं.

"हं, बोल."

"बोलायला आले नव्हते. वाचायला आले होते."

"मग वाच की," पायलट म्हणाले. दुसऱ्या कानातलं बोंड काढायचं मात्र ते विसरले.

काचबिंदूनं पायलटांची नजर हळूहळू करत पुरती नेली, त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली, की बाई पलंगाशेजारी खुर्ची ओढून त्यांना कादंबरी वाचून दाखवायच्या. बाईंचा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. गल्लीतली शेंबडी पोरं काय आणि त्यांचे टक्कल पडलेले बाप काय, सगळे त्यांना बाईच म्हणत. 'पायलट' हे नाव नवऱ्याला त्याच्या कंडक्टरांनी दिलेलं. बस सुटली, तरी ते सुटलं नव्हतं.

बाईंचं वाचन वर्गातलं होतं. चांगलं रंगात आलं असताना त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "आता सांगा बरं, दार आतून बंद, मग हा गडी आत आला कुठून?" पायलट डोकं खाजवून काहीतरी उत्तर द्यायचे. ते बहुतेक वेळा चुकायचं, आणि चुकलं की बाईंना मनापासून आनंद व्हायचा. लगेच खरं उत्तर सांगतील तर त्या बाई कसल्या? "बघू पुढं," म्हणून त्या पान उलटायच्या. एकेक कादंबरी महिना-महिना पुरायची. कोणालाच कुठं जायचं नव्हतं.

मग एका रविवारी लेक आली आणि वडिलांसाठी नवा मोबाइल घेऊन आली. बोट फिरवलं की फोन स्वतःच बोलून सांगायचा, इथं हे आहे, तिथं ते आहे. त्यात तिनं एक अ‍ॅप घालून दिलं आणि त्या अ‍ॅपमध्ये पन्नासएक कादंबऱ्या भरल्या. सगळ्या कोणा बायाबापड्यांनी वाचून ठेवलेल्या.

"आई, तुझा घसा सारखा बसतो," लेक म्हणाली. "आता तुला सुट्टी."

बाईंनी सुट्टी मागितली होती कुठं? पण लेकीचा उत्साह बघून त्या "बरं झालं बाई" म्हणाल्या. आता वाटत होतं, तेव्हाच जीभ का झडली नाही.

पन्नास कादंबऱ्यांपैकी पायलटांना आवडल्या त्या सगळ्या एकाच बाईनं वाचलेल्या निघाल्या. ते दाढी करताना तिला ऐकायचे, चहा घेताना ऐकायचे, गॅलरीत उन्हाला बसले तरी ऐकायचे. वर बाईंनाच सांगायचे, "काय सुरेख वाचते गं ही मुलगी. कुठं अडखळत नाही, कुठं खोकत नाही."

"पैसे घेऊन वाचत असेल," बाई म्हणाल्या. "खोकून चालतंय होय तिला?"

पायलट हसले. बाईंच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मुलगी म्हणे! आवाजावरून वय कळतं ते काय नुसतं यांनाच? चांगली तरणी असेल. आणि इथं तर मामला सगळा आवाजाचाच होता. बाईंचे केस पिकले, दोन दात गेले, गाल बसले, यातलं पायलटांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी बायको म्हणजे बायकोचा आवाज. दहा-बारा वर्षं त्या अंधारात बाईंचं एकटीचं राज्य होतं. आता तिथं दुसरी येऊन पाय पसरून बसली होती, आणि तिचा आवाज कोवळा होता. बाईंना मत्सर वाटत होता. दुसरा सभ्य शब्द त्यांनी शोधून पाहिला, सापडला नाही.

एका दुपारी पायलटांचा डोळा लागला. बाईंनी त्यांच्या उशाचा फोन उचलला, पदराखाली घेतला आणि त्या जिना उतरून खालच्या मजल्यावर शिवणवालीकडे गेल्या. शिवणवाली बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. मशीन चालवताना तिच्याही कानात दिवसभर बोंडं असायची.

"यात एक बाई आहे," बाई म्हणाल्या. "ती मला ऐकायचीय."

शिवणवालीनं फोन हातात घेतला, दोन-तीनदा बोट दाबलं आणि खोलीत एकदम कालवा झाला. कोणीतरी श्वास न घेता, शब्दाला शब्द चिकटवून, तोंडातून वाटाणे सांडावेत तसं बडबडत होतं.

"बिघडला की काय?" बाई घाबरल्या.

"बिघडला नाही हो. काकांनी दुप्पट वेगावर ठेवलंय. हे बघा, इथं बटण असतं. अर्धा, पाऊण, एक, दीड, दोन. आपल्याला हवा तेवढा वेग घ्यायचा."

"आणि यांना हे कळतं?"

"कळतं की. सवयीनं कळतं. मी पण दीडवर ऐकते." तिनं वेग एकवर आणला. आता आवाज नीट ऐकू आला. स्वच्छ, गोड, भरलेला आवाज. ऐकायच्या आधी बाईंना वाटत होतं, ऐकलं की काहीतरी खोट सापडेल. खोट सापडली नाही.

"म्हणजे लेकीनं तुम्हाला सवतच आणून दिली म्हणा की," शिवणवाली हसत म्हणाली.

"या वयात सवतीला मी काय घाबरते?" बाई म्हणाल्या. "पण एवढ्या घाईनं का ऐकतात? यांना कुठं जायचंय?"

"आता सगळे असंच ऐकतात बाई. एकदा का वेगाची सवय लागली ना, की साधं बोलणारा माणूस झोपेत बोलतोय असं वाटायला लागतं. माझी आत्या फोन करते, एकेक शब्द टाकते सावकाश. असं वाटतं, तिचंसुद्धा बटण असतं तर दाबलं असतं."

शिवणवाली हे आपल्या आत्याबद्दल बोलली होती. बाईंनी ते जिना चढेपर्यंत आपल्या अंगाला लावून घेतलं. झोपेत बोलणारी! म्हणून ते हल्ली वाचताना जांभया देतात. म्हणून एका कानातलं बोंड काढायचं विसरतात. बाईंनी फोन हळूच उशाशी ठेवला आणि झोपलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ बघत त्या उभ्या राहिल्या. पळणारी आवडते काय? ठीक आहे. पळता आम्हालाही येतं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. भाजी चिरून झाली की बाई वर्तमानपत्र ओट्यावर पसरायच्या आणि अग्रलेख एका दमात म्हणून काढायच्या. सुरुवातीला जीभ वळायची नाही. 'अर्थसंकल्पीय' या शब्दाशी त्या तीनदा आपटल्या. पण बाई चिवट. आठवड्याभरात जीभ सुटली. विराम बिराम सगळे त्यांनी गुंडाळून ठेवले. ज्या बाईनं पोरांना पट्टी दाखवून "स्वल्पविरामाला थांबा" म्हणून शिकवलं, तीच बाई आता स्वल्पविरामावरून उड्या मारत चालली होती.

मग नवी कादंबरी काढली. एका दीपगृहावरचा रखवालदार नाहीसा होतो, अशी ती गोष्ट होती. बाई खुर्चीत बसल्या आणि सुटल्या.

पायलटांनी उशीवरून डोकं उचललं. "आज काय गाडी पकडायचीय?"

"का? कळत नाहीये का?"

"कळतंय की."

एवढं प्रशस्तिपत्र बाईंना पुरे होतं. त्यांनी आणखी वेग घेतला. समुद्राची वर्णनं आली, ती गाळली. प्रश्न विचारायला थांबायचं नाही, असं ठरवूनच त्या बसल्या होत्या. ती अ‍ॅपवाली थोडीच थांबते? रखवालदाराची बायको रडली ते अर्ध्या मिनिटात उरकलं. एका बैठकीत अख्खं प्रकरण संपवून बाईंनी पुस्तक मिटलं. छातीचा भाता हलत होता, पण चेहरा शर्यत जिंकलेल्या पोरीसारखा झाला होता.

"संपलं?" पायलटांनी विचारलं.

"संपलं! आहात कुठं?"

पायलटांनी डोकं परत उशीवर टेकवलं. बाईंना वाटलं, थक्क झाले असतील.

पुढचे दिवस असेच गेले. पायलट आता स्वतःहून म्हणायला लागले, "आज वाचणार ना?" हे ऐकून बाई मनातून फुलायच्या. पण एक गोष्ट डोळ्यांत खुपायची. बाई वाचत असताना पायलटांचा फोन त्यांच्या छातीवर पडलेला असायचा आणि त्यावर त्यांचा हात. बोंडं कानात नसायची, पण फोन काही दूर व्हायचा नाही. एकदा बाईंनी तो उचलून टेबलावर ठेवला. पायलटांनी चाचपडत तो पुन्हा घेतला.

"तिच्यावाचून तासभरसुद्धा करमत नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"कोणावाचून?"

"जाऊ द्या. मांजर डोळे मिटून दूध पितं."

बाईंनी मग रागाच्या भरात दोन प्रकरणं एकदम वाचून काढली. मध्ये ओट्यावर दूध उतू जाता जाता राहिलं, तेवढीच काय ती विश्रांती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घशातून आवाज फुटेना.

दुसऱ्या दिवशी घसा इतका खरवडायला लागला, की बाईंनी हार खाल्ली आणि दवाखान्याची वाट धरली. "तासाभरात येते," असं पायलटांना हाताला हात लावून सांगितलं. ओरडून सांगायची सोय नव्हती. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर गावाला गेल्याची पाटी दाराला टांगली होती. बाई आल्या पावली घरी परतल्या. चपला जिन्यातच काढल्या, किल्लीनं दार उघडलं, आणि उंबऱ्यातच त्यांचा पाय थबकला.

आतल्या खोलीत एक बाई वाचत होती.

बोंडं नव्हती, फोनचा आवाज मोठा केलेला होता. घरात कोणी नाही म्हटल्यावर कशाला लपवाछपवी? आणि ही ती नव्हती. ती गोड गळ्याची, तरणी, ती नव्हेच. हिचा आवाज जाडसर होता, वयानं पिकलेला. आणि ही बाई मुळी पळतच नव्हती. एकेक शब्द जिभेवर घोळवून सोडत होती. 'समुद्र' म्हणायला तिला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात बाईंनी निम्मं पान संपवलं असतं. रेंगाळत, जराशी पेंगुळल्यासारखी, जवळ बसून कानात सांगावं तशी ती वाचत होती. लाडात आल्यासारखी, असं बाईंच्या मनात आलं.

आणि मग त्यांच्या कानांनी शब्द पकडले. दीपगृह. रखवालदार. त्याची रडणारी बायको.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपली कादंबरी! कालपरवा आपण घसा फोडून वाचलेली, तीच कादंबरी हा माणूस दुसरीकडून ऐकत होता. म्हणजे पळणारी हवी म्हणून आपण पळालो, आणि याला आता सावकाश वाचणारी मिळाली. हिला कसं कोणी म्हटलं नाही, की बाई गं आटप लवकर? हिच्या वेळी वेगाचं बटण कुठं गेलं?

त्या पावलं न वाजवता दाराच्या चौकटीपर्यंत गेल्या. पायलट पलंगावर पडले होते. दोन्ही हात डोक्याखाली, फोन उशीला टेकवलेला, चेहरा त्याच्याकडे वळवलेला. कपाळावर एकही आठी नव्हती. बाईंनी आपल्या नवऱ्याचा असा चेहरा शेवटचा कधी पाहिला होता, ते त्यांना आठवेना. आता आत जायचं आणि फोन गॅलरीतून खाली भिरकावायचा, असं त्यांनी ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात वाचणारी मध्येच थांबली.

"अगंऽऽ बाईऽऽ," ती सावकाश म्हणाली, "दूऽऽध!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, लांबलेला. मग चपलांचा, फरफटत दूर जाणारा. बाईंचा हात चौकटीवर तसाच राहिला.

फोनमध्ये आता कोणी वाचत नव्हतं. लांबून भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज आला. नळ सुटला, बंद झाला. कोणीतरी स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं. दूध थोडक्यात वाचलं किंवा तसंच काही असणार, कारण बाई तसंच पुटपुटल्या होत्या. पायलट गोष्टींमधल्या संगीताचे तुकडेसुद्धा पुढं ढकलतात, हे बाईंनी रोज बघितलं होतं. आता ऐकण्यासारखं काहीही नव्हतं, नुसतं रिकामं स्वयंपाकघर वाजत होतं, आणि तरी पायलटांनी बोट हलवलं नाही. चपला परत येईपर्यंत ते तसेच पडून राहिले. खुर्ची पुन्हा सरकली तेव्हा त्यांनी किंचित मान हलवली, कोणी येऊन बसल्यावर हलवावी तशी.

ती पुन्हा वाचायला लागली. सावकाश.

खरं तर बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो अर्धाच पडला. ती बाई आपणच आहोत हे कळूनसुद्धा त्यांना तिचा हेवा वाटतच राहिला. आपण या माणसाला कालपासून एक शब्द धड दिला नव्हता, आणि ती किती निवांत बसली होती त्याच्यापाशी.

चौकट करकरली. पायलट दचकले, त्यांचं बोट फोनवर धडपडलं.

"वेग, पाऊण," फोन मोठ्यानं म्हणाला. "थांबवले."

"आलीस?" पायलट उठून बसले. "एवढ्यात?"

"डॉक्टर नाहीत." बाईंचा आवाज खरखरत होता. त्या खुर्चीत बसल्या. "कोण होती?"

"कधी?"

"आत्ता. वाचत होती ती."

पायलटांनी हनुवटी खाजवली. चोरी पकडली गेलेल्या पोरांचे चेहरे बाईंनी आयुष्यभर पाहिले होते. हा त्यांतलाच होता.

"होती एक," ते म्हणाले. "शाळेत शिकवायची म्हणे."

"बरी वाचते?"

"वाचते चांगलं. पण हल्ली फार पळते. मग मी आपला ब्रेकवर पाय ठेवून ऐकतो."

बाईंना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. घसा असा, की दोन्हीचा आवाज एकच झाला असता. त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"मला सांगायला काय तोंड नव्हतं?"

"तू इतकी खूश दिसायचीस. दिसायचीस म्हणजे, ऐकू यायचीस. सांगितलं असतं, तर रुसून वाचणंच बंद केलं असतंस."

हे खरं होतं. बाईंनी ते मान्य केलं नाही.

"आणि त्या दुसरीला दुप्पट पळवता ते?"

"तिच्याकडून काय, गोष्ट कळली की झालं," पायलट म्हणाले.

बाईंच्या मनातली ती कोवळ्या आवाजाची मुलगी त्या क्षणी उठली आणि चालती झाली. तिच्याबद्दल बाईंना थोडी दयासुद्धा आली. आता प्रश्न उरला होता दुसरीचा.

"हिला काढून टाका," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"हिला. पाऊण वेगवालीला. उद्यापासून मी वाचते सावकाश. मी इथं बसलेली असताना ही कशाला हवी मधे?"

पायलट हसतील असं बाईंना वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि बाईंच्या बाजूनं काढून पलीकडच्या बाजूला ठेवला.

"राहू दे."

"अहो, पण का?"

"राहू दे गं. तू आज दवाखान्यात गेलीस. घर कसं एकदम ओसाड झालं."

"मी तासाभरात येणारच होते की."

"आज आलीस," पायलट म्हणाले.

त्यांनी ते अगदी साधेपणानं म्हटलं, उद्या भाजी काय करायची असं विचारावं तसं. बाईंना कळायला मात्र एक क्षण लागला. मग त्यांनी पलंगापलीकडच्या फोनकडे पाहिलं. ती तिथं राहणार होती. दवाखान्याच्या पायऱ्या तिला चढाव्या लागणार नव्हत्या, तिचा घसा बसणार नव्हता, दात पडणार नव्हते. कधीतरी बाई या घरातून जातील, आणि मग पायलटांच्या अंधारात ही एकटी उरेल. तेव्हा ते तिच्याकडे तोंड करून पडतील, कपाळावर एकही आठी नसलेलं. बाईंना तिचा इतका मत्सर आजवर वाटला नव्हता.

"किती आहे तिचं?" त्यांनी विचारलं.

"किती म्हणजे?"

"साठवलेलं."

"या कादंबरीचं आहे. तुझी गाडी सुटली, तेव्हा सुचलं मला. आधीचं नाही मिळालं काही." पायलटांनी उसासा सोडला. "आधी कशाला सुचेल? आधी तू होतीसच."

म्हणजे जे काही होतं ते सगळं पळतं होतं. उड्या मारणारं, समुद्र गाळणारं, रडणाऱ्या बायकोला अर्ध्या मिनिटात उरकणारं. त्याला कितीही ब्रेक लावला, तरी जे वाचलंच नाही ते कुठून येणार? आपल्या मागं या माणसाला आपल्यातलं एवढंच उरणार, एक धापा टाकणारी बाई. बाई उठल्या. पलंगाला वळसा घालून त्यांनी फोन घेतला, खुर्चीशेजारच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आणि दीपगृहाची कादंबरी उघडली. पहिलं पान.

कागदाच्या आवाजावरून पायलटांना कळलं. "ते झालंय ना वाचून?"

"ते वाचन नव्हतं. ही कुठून चालू होते?"

"तुझा घसा बसलाय. उद्या वाच."

"चालू करा म्हणते ना."

पायलटांनी हात लांब केला, फोन चाचपडला आणि दाबला. बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि तोंड टेबलाजवळ नेलं.

"आज तुमच्यासाठी नाही वाचत मी," त्या खरखरत्या आवाजात म्हणाल्या. "तिच्यासाठी वाचतेय. तिला काही कमी पडायला नको."

मग त्यांनी समुद्रापासून सुरुवात केली.